दरडोई

१९९१ च्या उन्हाळ्यात आईच्या उजव्या कुशीत कळ आली. तीन दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. ओवा चावला, विटेचा शेक घेतला, शेण काढलं, धारा काढल्या. चौथ्या दिवशी परड्यात वाकली ती उठेचना. तेव्हा तिला एसटीत घालून साताऱ्याला नेली. तिथं पोटाचे फोटो निघाले. मुतखडा होता, आणि तो काही कालपरवाचा नव्हता. त्यानं उजवं मूत्रपिंड पार निकामी करत आणलं होतं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड होते. त्यांनी खुर्ची आईजवळ ओढली.

"मावशी, दिवसाला पाणी किती पिता?"

आईनं माझ्याकडं बघितलं. किती भाकरी थापल्या, किती खेपा केल्या असं विचारलं असतं तर तिनं पटकन सांगितलं असतं. पाणी किती प्यायलीस, हे तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

"लागंल तेवढं पिते की."

"तरी पण?"

"सकाळी भाकरीसंगं पेलाभर. रातच्याला पेलाभर. मधी लागलंच तर घोटभर."

डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, "रोज तीन लिटर पोटात गेलं पाहिजे. लघवी दोन-अडीच लिटर झाली पाहिजे, आणि पांढरीस्वच्छ. नाहीतर दुसऱ्या बाजूलाही हेच होईल."

तीन लिटर! हा आकडा मी चांगला ओळखत होतो. मी तेव्हा पंचायत समितीत पाणीपुरवठ्याच्या टेबलावर कारकून होतो. खेड्यातल्या माणसाला रोज ४० लिटर पाणी मिळालं पाहिजे, असा सरकारी निकष होता, आणि त्याचा तक्ता मला पाठ होता. पिण्याला ३, स्वयंपाकाला ५, आंघोळीला १५, भांडी आणि घर धुवायला ७, शौचाला १०. एकूण ४०, दरडोई. हा तक्ता मी कितीतरी प्रस्तावांना जोडला असेल. पहिल्या ओळीतले ते तीन लिटर माझ्या सख्ख्या आईच्या पोटात जात नव्हते, हे मला साताऱ्याच्या त्या खोलीत कळलं.

बाहेर बाकावर आई म्हणाली, "तीन लिटर म्हंजी किती रं?"

"तीन तांबे, आई."

ती हसली. "एवढं पानी म्हशीला घालत्यात."

आमचं गाव माण तालुक्यातलं. महादेवाच्या डोंगररांगेच्या सावलीत पावसाचा ढग येईपर्यंत रिकामा होतो, असं म्हातारी माणसं सांगायची. त्यात खोटं काही नाही. सह्याद्रीच्या कड्यावर पाऊस कोसळतो आणि आमच्याकडं शिंतोडे येतात. त्यामुळं पाण्याचा हिशोब आमच्याकडं कुणाला शिकवावा लागत नसे. घरात भांड्यांची उतरंड होती तशी पाण्याचीही होती. हंड्यातलं पाणी पिण्याचं, रांजणातलं वापरायचं. भाजी धुतलेलं पाणी गुरांच्या पाटीत, आंघोळीचं परसातल्या वाफ्याला. तोंडाला लावून तांब्या प्यायचा नाही, वरून धार धरायची. पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. "पान्याला न्हाय म्हनू ने" हे आजीचं ब्रीद. ते ब्रीद सगळ्यांना सारखं लागू नव्हतं, ते पुढं सांगतो.

गावात एक जुनी बारव होती, पायऱ्या उतरून आत जायची. तिचं पाणी जवळ होतं, पण आजी ते कुणाला पिऊ देत नसे. तिच्या पायाला तरुणपणी नारू झाला होता. पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा, तो रोज थोडाथोडा काडीला गुंडाळायचा. तुटला तर पाय सडायचा. नारू झालेला माणूस पायरीवर पाय बुडवायचा, किड्याची पिल्लं पाण्यात सुटायची, ती बारीक जलपिसवांच्या पोटात वाढायची आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या पोटी वर्षभरानं पुन्हा नारू. दाट फडक्यानं गाळलं तरी तो टळतो. आजीला जलपिसवा ठाऊक नव्हत्या, पण तिच्या हंड्याला पातळाचं दुहेरी फडकं बांधलेलं असायचंच. भारत नारूमुक्त झाल्याचं २००० साली जाहीर झालं. आजी तेव्हा नव्हती.

तर बारव सोडून पिण्याची विहीर राहिली. ती ओढ्याकाठी होती, गावापासून मैलभर. हे मैलभर अंतर लक्षात ठेवा.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. आधीची दोन वर्षं पाऊस असाच गेला होता. त्या वर्षी ज्वारी पेरली ती वर आलीच नाही. पोळ्याला बैलांना धुवायला पाणी नव्हतं, ओला हात फिरवून शिंगं रंगवली. दिवाळीपर्यंत गावातले आड तळाला गेले. पुढं जे झालं ते पुष्कळांनी लिहिलं आहे. दुष्काळी कामं निघाली. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, आणि सगळ्यात जास्त खडी. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्या ५० लाखांत आमच्या घरातली चार होती. आप्पा, आई, चुलता, चुलती.

घरात आम्ही दहा माणसं. आजा, आजी, या चौघांशिवाय आम्ही पोरं चार. पाणी आणायचं आई आणि चुलतीनं. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. पुढं नोकरीत लिटरची भाषा आली तेव्हा मी आमच्या घरातली ती भांडी मोजून पाहिली. हंडा पंधराचा, कळशी आठची. एका खेपेला तेवीस लिटर. कोंबडं आरवायच्या आधी दोन खेपा, कामावरून आल्यावर दोन. दोघींच्या मिळून आठ खेपा म्हणजे १८४ लिटर. दहा माणसांत वाटलं तर डोईला साडेअठरा. निकषाच्या निम्मंही नाही. आणि एवढ्यासाठी एकेका बाईची चाल रोज आठ मैल, म्हणजे तेरा किलोमीटर. त्यातली निम्मी भरल्या डोईनं. वर दिवसभर खडी फोडायची ती निराळीच.

विहिरीवरही पाणी थांबलेलं नसायचं. नंबर लावावा लागायचा. बाई घरी भाकरी टाकायला गेली तर तिच्या जागेवर फुटकी घागर नाहीतर दगड ठेवलेला असायचा, आणि त्या दगडालाही मान होता. तळाशी झरा भरायची वाट बघत बाया काठावर बसून डुलक्या घ्यायच्या. पोहऱ्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त. मी कधीकधी आईबरोबर जायचो, माझ्याकडं बारकी चरवी असायची.

खायला मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरायची, घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी वाटायचे. पोरांना ती आवडायची, गोड असायची, पण नावाप्रमाणे सुकी. एरवी आमच्या जेवणात पाणी कितीतरी असे. हुलग्याचं माडगं, आंबील, ताक, कण्या, पातळ कालवण. माणूस जेवता जेवताच निम्मं पाणी पिऊन उठायचा. त्या वर्षी म्हशी विकल्या तसं ताक गेलं. पाणी नाही म्हणून माडगं गेलं, कालवण घट्ट झालं. राहिली कोरडी भाकरी आणि चटणी.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण माणसानं रोज पाणी किती प्यावं या वादात ही गोष्ट कुणी धरत नाही. निवृत्त झाल्यावर मी या आकड्यामागं लागलो. आठ पेले पाणी प्यावं असं जो तो सांगतो, ते आलं कुठून? त्याचं मूळ बहुतेक जण १९४५ सालापाशी नेऊन ठेवतात. अमेरिकेतल्या सरकारी सल्लागार शास्त्रज्ञांच्या अन्न आणि पोषण मंडळानं तेव्हा शिफारस केली होती, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी पुरतं. त्याच्या लगेच पुढं त्यांनी असंही म्हटलं होतं की यातलं बरंचसं पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन नावाच्या मूत्रपिंडाच्या अभ्यासकानं आठ पेल्यांचा पुरावा हुडकला, त्याला तो सापडला नाही. २००४ साली तिकडच्याच वैद्यकीय संस्थेनं नवे आकडे दिले. बाईला २.७ लिटर, पुरुषाला ३.७. तेही अन्नातलं, चहा-दुधातलं धरून. उन्हातल्या कामाचं गणित आणखी वेगळं. रणरणत्या उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो.

तेव्हा शास्त्र खोटं म्हणायचं कारण नाही. धडधाकट माणसानं तहान लागेल तसं प्यावं, उन्हात राबणाऱ्यानं तहानेची वाट न बघता प्यावं, खडा असलेल्यानं डॉक्टर सांगतील तेवढं मोजून प्यावं. इतकं ते सोपं आहे. पण सल्ला देणारा एक गोष्ट गृहीत धरतो, की पाणी हाताशी आहे आणि पिणारा ते पिऊ शकतो. आमच्या गावात या दोन्ही गोष्टी गृहीत नव्हत्या.

विहिरीवर सगळ्यात मागं, काठापासून दहा-बारा हात दूर, बौद्धवाड्यातल्या बाया बसायच्या. त्यांना विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. आमच्यातली कुणी बाई दयेनं वरून ओतेल तेव्हा त्यांची घागर भरायची. त्यांना नंबर नसायचा. त्यांचा नंबर ओतणाऱ्या बाईच्या मर्जीवर. पहाटे आलेल्या बाया दहा-अकरा वाजेपर्यंत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. समोर विहीर, मांडीवर पोर, आणि पोराच्या ओठाला कोरड.

कायद्यानं हे कधीच संपलं होतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनं त्याप्रमाणं चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांबरोबर तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यावर माणसांची डोकी फुटली, तळ्याची शुद्धी झाली, कोर्टात दावा पडला. तो उच्च न्यायालयात मिटायला १९३७ साल उजाडलं. ओंजळीत मावतं किती? पावशेर पाणी. तेवढ्याला दहा वर्षं लागली. आणि आमच्या विहिरीवर १९७३ सालीही तीच ओंजळ पोचलेली नव्हती.

त्या उन्हाळ्यातला एक दिवस मला विसरता येत नाही. आईच्या दोन्ही भांड्यांचं भरून झालं होतं. मागं बसलेल्या म्हातारीनं हाक दिली, "वत गं माय." आईनं पोहरा ओढला आणि वरून ओतायला लागली. वारा होता. निम्मं पाणी घागरीच्या तोंडावरून बाहेर, मातीत. आईनं दुसरा पोहरा ओढला, तोही तसाच. खाली सांडलेलं पाणी मातीनं पिऊन टाकलं. ते बघून आई थांबली. मग पोहरा तिनं सरळ म्हातारीच्या हातात दिला. "घे, तुझं तू शेंद. सांडाय नगं."

म्हातारीनं आधी इकडंतिकडं बघितलं. मग तिनं शेंदलं. एक थेंब सांडला नाही.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आजी उंबऱ्यात उभी. तिनं आईचं पाणी घरात येऊ दिलं नाही. हंडा-कळशी दारात उपडी करायला लावली, राखेनं घासायला लावली आणि पुन्हा विहिरीवर पाठवलं. तेवीस लिटर पाणी अंगणात ओतलं गेलं, ज्या वर्षी आम्ही भाजी धुतलेलं पाणी गुरांना पाजत होतो त्या वर्षी! पान्याला न्हाय म्हनू ने, म्हणणारी तीच आजी. मी आईबरोबर पुन्हा गेलो. वाटेत ती बोलली नाही. मीही नाही.

आईनं काही बंड केलं असं मला म्हणायचं नाही. ती दमली होती, आणि पाणी मातीत जाताना तिला बघवलं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वरूनच ओतलं. म्हातारीनंही पोहरा मागितला नाही. फक्त आईनं त्या दिवसापासून ओतताना खाली वाकायला सुरुवात केली, घागरीच्या तोंडाशी, म्हणजे सांडू नये.

त्याच सुमाराला बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ हाती घेतली होती. गावोगाव हिंडून ते विहिरी बघत, कोण कुठं पाणी भरतं ते विचारत. आमच्या गावात ते आले नाहीत, पण पुढं त्यांच्याविषयी वाचलं तेव्हा प्रत्येक पानावर मला आमचीच विहीर दिसली. दुष्काळानं सगळ्या जातींना एका रांगेत खडी फोडायला बसवलं, हे खरं. पण कामावर पाण्याचं पिंप होतं तिथं पुन्हा दोन रांगा होत्या. भूक एक झाली, तहान वेगळीच राहिली.

मग यंत्र आलं. हवेच्या दाबानं काळा पाषाण फोडणारी बोअरची गाडी. युनिसेफनं अशी यंत्रं १९६७ च्या सुमारास देशात आणायला सुरुवात केली होती. दुष्काळात ती खेडोपाडी फिरली. पांढऱ्या धुळीचा लोट उठायचा आणि सगळं गाव तोंडाला टापशी बांधून बघत राहायचं. आमच्याकडं चावडीपुढं पाणी लागलं. हातपंप बसला, पण टिकेना. ते बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले, इथं सगळं गाव त्याला लोंबकळायचं. यावर तोड निघाली ती आपल्याकडंच. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कामातून मजबूत पंप घडवले गेले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढं 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याचे कारखाने निघाले आणि तो जगभर गेला. आमच्या मुलखातल्या वाकलेल्या कमरांनी जगाला दिलेली ही एक वस्तू, असं मी म्हणतो.

पंपाला पोहरा नव्हता, दोर नव्हता, ओतायचं काही कारण उरलं नाही. तरी पहिली काही वर्षं काही बाया दांडा धुवून मगच पाणी भरायच्या. दांडा धुवायलाही पाणीच लागायचं.

१९८३ साली मी नोकरीला लागलो. टंचाई आली की माझ्या टेबलावर ढीग पडायचा. ग्रामपंचायतीचा ठराव, तलाठ्याचा दाखला, संयुक्त पाहणीचा अहवाल. लोकसंख्या गुणिले दरडोई २० लिटर, अधिक जनावरं, भागिले टँकरची क्षमता, उत्तर येईल तेवढ्या खेपा. निकषात आणखी एक ओळ होती. १९७२-७३ साली केंद्र सरकारनं खेड्यांच्या पाणीपुरवठ्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून चालत आलेली. सपाटीवर पाणी १.६ किलोमीटरच्या आत असेल तर ते गाव बिनपाण्याचं धरायचं नाही. १.६ किलोमीटर म्हणजे एक मैल. म्हणजे १९७२ सालचं आमचं गाव, ज्याच्यासाठी माझी आई रोज आठ मैल चालली, ते कागदावर पाण्याचं गाव होतं.

टँकरच्या खेपांची नोंदवही असे. किती वाजता भरला, किती वाजता ओतला, किती किलोमीटर, चालकाची सही. डिझेलचा हिशोब लागायचा ना! बाईच्या खेपेला डिझेल लागत नाही, म्हणून तिची नोंदवही नाही. 'दरडोई' हा शब्द मी हजारदा लिहिला. डोई म्हणजे पाणी पिणारं तोंड, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला. हंडा ज्या डोईवर असतो ती मी मोजली नाही. मी माझ्या आईचा मुलगा असून नाही मोजली, मग मुंबई-दिल्लीत बसणाऱ्यांना काय बोल लावू?

साताऱ्याहून आईला घरी आणली. उजवं मूत्रपिंड काढलं होतं. मी बाजारातून लिटरचं माप आणलं, तीन तांबे मोजून भरून ठेवायला लागलो. सकाळी भरायचे, रात्री बघायचे. दीड-दोन तांबे तसेच असायचे. मी चिडायचो. "आई, डॉक्टर काय म्हणाले? पाणी आता दारात आहे. नळकोंडाळं आहे. कोण नको म्हणतंय तुला?" ती "पिते रं" म्हणायची, आणि पदरानं तांब्याचं तोंड पुसायची.

एका रात्री बायको म्हणाली, "अवो, एक सांगू का? तुम्ही त्यांच्यावर खेकसू नका. त्या मला बोलल्यात."

आई सुनेला जे बोलली ते असं होतं. "पानी पिलं की जावं लागतंय. जायाचं कुठं, बाई? खडीवर समदं माळरान उघडं. बाभळीबी जळनाला तोडल्याल्या. चहूकडनं बापय मानसं. पहाटं अंधारात जाऊन यायचं, ते पुन्यांदा अंधार पडल्यावर. मधी प्यायचंच न्हाय म्हंजी जायाचा प्रश्नच न्हाय. आमी समद्या बायका तशाच. तोंडात खडा धरायचा, लाळ सुटती, तहान मरती. मग तीच सवय लागली बघ."

मी अंधारात बराच वेळ पडून राहिलो. तोंडात खडा धरून ती खडी फोडत होती. आणि मी तिला लिटरचं माप आणून दिलं होतं.

खडा होण्याची कारणं अनेक असतात, असं डॉक्टरांनी पुढं मला समजावलं. अंगाचा धर्म असतो, खाणं असतं. पण पाणी कमी गेलं की लघवी दाट होते, क्षार खाली बसतात आणि त्यांचा दगड होतो. वर्षानुवर्षं असं झालं तर दगड वाढतो.

१९९२ च्या पावसाळ्याआधी मी परड्यात संडास बांधला. आमच्या आळीतला तो पहिला. चुलता म्हणाला, "घराला लागून घाण कशाला?" बांधला. महिनाभरात आईचे तीन तांबे दिवस मावळायच्या आत रिकामे व्हायला लागले. मी तिला पुन्हा एकदाही 'पाणी पी' म्हणालो नाही. एका मूत्रपिंडावर ती पुढं सतरा वर्षं जगली आणि २००९ साली गेली.

नंतर आकडे बदलत गेले. २०१६ साली लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा मी सवयीनं भागाकार केला. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर, लातूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या वर. डोईला सव्वा लिटरच्या आसपास. २०१९ साली जलजीवनचा निकष आला, घरात नळ आणि दरडोई ५५ लिटर. ४० चे ५५ झाले, आणि अंतर मैलावरून घरात आलं. हा बदल लहान नाही. कुठं नळ आहे आणि पाणी नाही, ते आहेच. पण निदान कागदानं तरी बाईचा उंबरा ओळखला.

माझी नात पुण्यात असते. तिच्या बाटलीवर रेघा आहेत, कुठल्या वाजेपर्यंत कुठवर प्यायचं त्याच्या. सुट्टीला आली की विचारते, "आजोबा, तुम्ही आज किती प्यायलात?" मी सांगतो. मला तिचं हसू येत नाही. कुणीतरी विचारतंय, हेच बरं वाटतं.

शेवटचं सांगतो, आणि ते माझ्याच विरुद्ध आहे. निवृत्तीनंतर मी गावी डाळिंबाची बाग लावली. खुरपायला, छाटणीला सात-आठ बाया येतात. सगळ्या वाड्यांतल्या. बांधावर आंब्याखाली मी एकच माठ ठेवला, एकच ओगराळं. मनात म्हटलं, आईनं दिलेला पोहरा आता कुठं माझ्यापर्यंत पोचला. संध्याकाळी बघायचो तर माठ निम्मा भरलेला. एप्रिलचं ऊन, आठ माणसं, आणि माठ निम्मा. मी म्हणायचो, "अगं बायांनो, पाणी प्या की." त्या म्हणायच्या, "पितो की, अण्णा."

दोन हंगाम गेले तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. ज्याच्या आईचं मूत्रपिंड यापायी गेलं त्याच्या डोक्यात! शेवटी बायकोच म्हणाली, "बागेत बाईमाणसानं जायचं कुठं, ते बघितलंय का?"

विहिरीशेजारी पत्र्याचं छप्पर, आतून कडी, पाण्याची बादली, असा संडास बांधला. आता माठ दुपारच्या भाकरीपर्यंतच संपतो. दिवसातून दोनदा भरावा लागतो. विहिरीपासून आंब्यापर्यंत दीडशे पावलं आहेत. ती खेप मी करतो.